आणखी एक परस : इराणच्या पहिल्या तेलविहिरीची हकीगत

ज्यांचे बालपण देशावरच्या एखाद्या कोरडवाहू गावात गेले आहे, त्यांनी विहीर खणण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा पाहिलेला असतो. पाणाड्या जागा दाखवून जातो, नारळ फुटतो, आणि मग मातीखाली मुरूम, मुरुमाखाली काळा पाषाण असे करीत माणसे खाली खाली जाऊ लागतात. पाच परस झाले, सहा परस झाले, पाणी नाही. घरातले दागिने एव्हाना सावकाराकडे गेलेले असतात. संध्याकाळी काठावर चार जाणती माणसे बसतात आणि एकच प्रश्न चघळीत राहतात : येथेच आणखी एक परस जावे, की ही विहीर टाकून दुसरी जागा धरावी? एक म्हणतो, ओल दिसते आहे. दुसरा म्हणतो, ओल तर तिसऱ्या परसापासून दिसतेच आहे. दोघेही खोटे बोलत नसतात. खाली काय आहे हे काठावर बसून कळत नाही, आणि खाली जाऊन पाहायचे तर पैसा लागतो.

आज जी हकीगत सांगायची आहे ती मुळात याच काठावरची आहे. फरक इतकाच, की येथे परसाऐवजी फूट मोजायचे आहेत, सावकाराच्या जागी लंडनची एक बँक आणि ग्लासगोची एक कंपनी आहे, पाण्याच्या जागी तेल आहे, आणि गाव म्हणजे इराणच्या पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा डोंगराळ, उजाड मुलूख. काळ १९०१ ते १९०८. या सात वर्षांच्या अखेरीस मस्जिद-ए-सुलेमान नावाच्या जागी जमिनीतून तेल उसळले आणि मध्यपूर्वेच्या तेलाचे युग सुरू झाले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याबरोबर एक गोष्टही सांगितली जाते : काम बंद करण्याचा हुकूम वाटेत होता, विहिरीवरच्या हट्टी माणसाने तो मानला नाही, आणि म्हणून तेल लागले. गोष्ट मोठी चटकदार आहे. आम्हीही ती अनेकदा ऐकली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर एक-दोनदा रंगवून सांगितलीही. परंतु आकडे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा ती डळमळू लागली. कशी, ते ओघात येईलच.

विल्यम नॉक्स डार्सी हा इंग्लंडात जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात वकिली केलेला गृहस्थ. क्वीन्सलँडमधील माउंट मॉर्गन या सोन्याच्या खाणीत भागीदारी घेऊन तो गडगंज झाला आणि लंडनला परतून थाटामाटात राहू लागला. जमिनीने एकदा दिले म्हणजे ती पुन्हाही देईल असे माणसाला वाटू लागते. जुगारी आणि खाणवाले यांचा हा समान रोग आहे. २८ मे १९०१ रोजी इराणच्या मुझफ्फरुद्दीन शाहने त्याला तेलाची सनद दिली. मुदत ६० वर्षे. क्षेत्र ४ लाख ८० हजार चौरस मैल, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या चौपट. रशियाला डिवचू नये म्हणून उत्तरेकडचे पाच प्रांत तेवढे वगळलेले. मोबदला २० हजार पौंड रोख, तितक्याच रकमेचे भाग, आणि नफ्यातला शेकडा १६ हिस्सा. ज्या देशाच्या पोटात हात घालण्याचा हक्क त्याने असा विकत घेतला, त्या देशात डार्सीने आयुष्यात कधी पाऊल ठेवले नाही. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. पैसा एका टोकाला आणि पहार दुसऱ्या टोकाला, ही या सगळ्या प्रकरणाची घडण होती.

पहारीच्या टोकाला होता जॉर्ज बर्नार्ड रेनॉल्ड्स. वय पन्नाशीच्या आसपास. शिक्षण कूपर्स हिल येथील इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे हिंदुस्थानच्या बांधकाम खात्याला इंजिनिअर पुरवणाऱ्या त्या प्रसिद्ध संस्थेत. पुढे नोकरीही त्याच खात्यात, आणि नंतर सुमात्रात तेलाच्या विंधणाचा अनुभव. हिंदुस्थानच्या बांधकाम खात्याने जी चिवट, तिखट आणि कोणाचे न ऐकणारी माणसे घडवली, त्यांतलाच हा एक म्हणायला हरकत नाही. उन्हाची सवय, मजुरांशी वागण्याची सवय, आणि वरिष्ठांच्या पत्रांकडे थोड्या संशयाने पाहण्याची सवय, या तिन्ही गोष्टी त्याच्या अंगी पुरेपूर होत्या, आणि तिन्ही त्याला उपयोगी पडल्या.

पहिली जागा ठरली चिआ सुर्ख. कस्र-ए-शिरीनजवळचे हे पठार तुर्की हद्दीला खेटून होते. पुढे सीमा आखल्या गेल्या तेव्हा ते इराणबाहेर गेले आणि आज इराकात आहे. तेथे तेल पाझरत होते हे शतकानुशतके ठाऊक होते. पण इराणच्या आखातापासून ते ३०० मैलांहून अधिक दूर. बॉयलर, नळ, दोर, छिन्न्या, लाकूड, सगळे सामान आगबोटीने बसऱ्याला यायचे, तेथून तैग्रिस नदीने बगदादला, आणि बगदादहून माणसांच्या व खेचरांच्या पाठीवर डोंगर चढायचे. कामगार पोलंडचे, कॅनडाचे, बाकूचे. रस्ते नव्हते, आणि टोळ्यांचे सरदार तेहरानच्या शाहला फारसे जुमानीत नसत. उन्हाळ्यात राहण्याच्या खोल्यांतही पारा १२० अंश फॅरनहाइटपर्यंत चढे. अशा ठिकाणी १९०२ च्या अखेरीस विंधण सुरू झाले.

येथे त्या काळच्या विंधणाची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे काही नीट कळणार नाही. आजच्यासारखे गरगर फिरणारे पाते तेथे नव्हते. लाकडी मनोरा उभा करीत. वाफेच्या इंजिनाने एक जाड तुळई वरखाली हाले. तुळईच्या टोकाला लांब दांड्यांनी अगर दोराने बांधलेली काही मणांची लोखंडी छिन्नी असे. ती उचलली जाई आणि खाली आदळे, पुन्हा उचलली जाई आणि पुन्हा आदळे. सगळा कारभार उखळ-मुसळाचा. मुसळ मात्र हजार फूट खोल उखळात चालवायचे. दगडाचा चुरा झाला की छिन्नी वर काढून तळाशी झडप असलेला लांबट पोहरा सोडायचा आणि पाण्यात कालवलेला चुरा उपसायचा. भोक ढासळू नये, वरच्या थराचे पाणी आत शिरू नये, म्हणून लोखंडी नळ एकात एक असे खाली उतरवीत जायचे. प्रत्येक नवा नळ आधीच्या नळाच्या आतून जाणार, म्हणून भोक खाली खाली अरुंद होत जाणार. आरंभी पुरेसे रुंद भोक घेतले नसेल तर हजार फुटांवर गेल्यावर ते इतके बारीक होते की पुढे जाताच येत नाही. म्हणजे किती खोल जायचे आहे याचा अंदाज पहिल्याच दिवशी बांधावा लागे, आणि खाली काय आहे ते तर कोणालाच ठाऊक नसे.

विंधणाचा वेग म्हणजे छिन्नी दर मिनिटाला किती वेळा आदळते तो आकडा, असे सामान्यतः वाटते. खरा वेग ठरतो ती किती दिवस आदळतच नाही यावर. दोर तुटला, बॉयलर गळला, नळ वाकला, पाणी संपले, पगार वेळेवर आला नाही, टोळीच्या प्रमुखाची मर्जी फिरली, की काम थांबे. एखादा सुटा भाग मोडला तर तो समुद्रापलीकडून येईपर्यंत माणसे बसून राहत. त्यांचा पगार मात्र बसत नसे. लंडनला जाणाऱ्या हिशोबात खोलीचे फूट थोडे आणि पौंड फार असे जे दिसे, त्याचे कारण हे होते. डार्सी विचारी, इतका वेळ का? रेनॉल्ड्सला वाटे, याने एकदा येथे येऊन एक खेचर तरी हाकावे.

१९०३ च्या उन्हाळ्यात चिआ सुर्खला वायूचा मागमूस लागला आणि जानेवारी १९०४ मध्ये दुसऱ्या विहिरीला तेल लागले. दिवसाला सुमारे १२० पिंपे. डार्सीला ब्रह्मानंद झाला. पण पिंप म्हणजे १५९ लिटर. १२० पिंपे म्हणजे आजच्या एका मोठ्या टँकरात मावेल एवढे तेल. समुद्र ३०० मैल दूर. एवढ्या तेलासाठी तीनशे मैल नळ कोण टाकणार? तरीही तेल ते तेल, आणि त्या आशेवर चार महिने गेले. मे महिन्यापर्यंत धार आटत आटत जवळजवळ बंद पडली.

दरम्यान डार्सीची स्थिती अशी झाली होती, की १९०३ अखेर त्याचे सुमारे १ लाख ६० हजार पौंड जमिनीत गेले होते, आणि पुढच्या वर्षी लॉइड्स बँकेकडचे त्याचे ओव्हरड्राफ्ट १ लाख ७७ हजारांवर पोचले. बँकेने तारण म्हणून माउंट मॉर्गनचे भाग मागितले. ज्या खाणीने त्याला श्रीमंत केले ती या नव्या खाणीपायी गहाण पडण्याची वेळ आली. डार्सी दारोदार फिरू लागला. फ्रान्समधल्या रॉथशील्ड घराण्याकडेही तो गेला. तेव्हा ब्रिटिश आरमारखाते जागे झाले. जहाजांना कोळशाऐवजी तेल लावण्याचा विचार तेथे घोळत होता, आणि ही सनद परकीयांच्या हाती जाणे त्यांना परवडणारे नव्हते. परंतु सरकारने स्वतःच्या खिशात हात घातला नाही. त्याने बर्मा ऑइल कंपनीकडे बोट दाखवले.

ही ग्लासगोची कंपनी, म्हणजे स्कॉटिश व्यापाऱ्यांची. १८८६ साली स्थापन झालेली. ब्रह्मदेशातल्या विहिरींचे तेल रंगूनला शुद्ध करून ती हिंदुस्थानात विकी. आपल्या आज्या ज्या घासलेटाच्या चिमण्या लावीत, त्या बाजारावर या कंपनीचे पोट होते. पुढे १९२८ साली तिने शेल कंपनीशी हातमिळवणी करून बर्मा-शेल काढली; ते नाव वडीलधाऱ्या मंडळींना अजून आठवत असेल. १९७६ साली भारत सरकारने ती ताब्यात घेतली आणि पुढे तिचे भारत पेट्रोलियम झाले. तर हिंदुस्थानच्या दाराशी दुसऱ्या कोणाचे तेल येऊन उभे राहू नये ही ग्लासगोच्या मंडळींना धास्ती होती, आणि आरमाराशी संबंध गोड ठेवण्यात त्यांचा फायदाही होता. मे १९०५ मध्ये त्यांनी डार्सीशी करार केला आणि खर्चाची जबाबदारी नव्या मंडळीकडे गेली. रेनॉल्ड्स मात्र तोच राहिला.

येथवरचा सगळा पैसा चिआ सुर्खला ओतला गेला होता. आता तेथेच आणखी खोल जावे, की सगळे उचलून दुसरीकडे जावे? आमच्या मते या इतिहासातला सर्वांत कठीण निर्णय हाच होता, आणि त्याची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यात नाट्य नाही. मनोरे उतरवणे, भोके बुजवणे आणि सुमारे ४० टन सामान पुन्हा बगदादमार्गे बसऱ्याकडे परत नेणे यात रंगवण्यासारखे काय असणार? पण विचार करा. ज्या जागी तेल प्रत्यक्ष दिसले होते ती जागा सोडायची, आणि ज्या जागी नुसता वास येतो तिकडे जायचे. काठावर बसलेल्या चौघांपैकी तिघे तरी हे मानणार नाहीत. रेनॉल्ड्सला मात्र नैर्ऋत्येकडचा प्रदेश खुणावत होता. १९०३ च्या अखेरीस तो कुवेतला गेला असता लुई डेन नावाचा एक ब्रिटिश अधिकारी भेटला; जुन्या प्रवाशांच्या लेखनात मैदान-ए-नफ्तून, म्हणजे नफ्त्याचे मैदान, या जागेचे उल्लेख आहेत याकडे त्याने लक्ष वेधले होते. तिकडून समुद्र जवळ होता. जे तेल जहाजापर्यंत पोचवता येत नाही ते लागूनही न लागल्यासारखेच, हा हिशोब त्या स्थलांतरामागे होता, आणि तो बरोबर होता.

एक गंमत येथेच सांगून टाकतो. २०१३ साली चिआ सुर्खच्या परिसरात आधुनिक यंत्रांनी नवी विहीर घेतली गेली आणि दिवसाला हजारो पिंपांच्या हिशेबाने तेल लागले. म्हणजे ‘येथेच आणखी एक परस’ म्हणणारा जर तेव्हा कोणी असेल, तर तोही चुकला नव्हता. पण १९०५ साली त्याचे ऐकले असते तर डार्सीचे आणि बर्मा ऑइलचे, दोघांचेही पैसे संपेपर्यंत ती मंडळी तेथेच आदळत बसली असती.

नैर्ऋत्येचा प्रदेश बख्तियारी टोळीचा. हिवाळ्यात डोंगराखाली आणि उन्हाळ्यात डोंगरावर कळप घेऊन फिरणारे हे लोक. १९०५ अखेर त्यांच्या खानांशी वेगळा करार करावा लागला : पहारेकऱ्यांसाठी वार्षिक रक्कम आणि नफ्यात शेकडा ३ भाग. शाहने १६ टक्क्यांवर सनद दिली होती खरी, पण शाहचा कागद या डोंगरात चालत नव्हता. रेनॉल्ड्सने पुढची दोन वर्षे बराचसा वेळ खानांशी, त्यांच्या भावांशी आणि चुलत्यांशी वाटाघाटी करण्यात घालवला. हादेखील विंधणाच्या वेगाचाच भाग समजला पाहिजे.

नव्या मुलखात पहिले काम निघाले रामहोर्मुझजवळच्या मामातैन येथे. १९०६ व १९०७ ही दोन वर्षे तेथे गेली. दोन विहिरी घेतल्या, दोन्ही कोरड्या. यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. कोरड्या विहिरीचा इतिहास नेहमीच एका ओळीचा असतो, मग तिच्यात कितीही पैसा गेलेला असो.

राहिली एकच जागा, मैदान-ए-नफ्तून. जवळच एका प्राचीन मंदिराचे अवशेष होते. लोक त्याला सुलेमानची मशीद म्हणत, आणि तेच नाव पुढे गावाला चिकटले. येथे खडकच तेलाने भिजलेला होता. पण तेथे जायला रस्ता नव्हता. रेनॉल्ड्सने डोंगरातून रस्ता कोरायला घेतला. तो होत आला असता मुसळधार पावसाने बराचसा वाहून गेला आणि जवळजवळ सहा महिने वाया गेले. पिण्याचे पाणी असे, की त्याचे वर्णन न केलेले बरे. १९०७ च्या अखेरीस हिंदुस्थानी फौजेतला अर्नोल्ड विल्सन हा तरुण लेफ्टनंट सुमारे वीस हिंदुस्थानी घोडेस्वार घेऊन संरक्षणासाठी दाखल झाला. त्या वीस जवानांची नावे आम्हांला कोठे आढळली नाहीत. विल्सनची दैनंदिनी मात्र पुढे छापून निघाली, आणि तिच्यामुळेच या दिवसांचे बरेचसे चित्र आज आपल्यापुढे उभे राहते.

जानेवारी १९०८ च्या अखेरीस येथे पहिली छिन्नी आदळली. विंधणयंत्रे दोन होती, विहिरीही दोन घेतल्या. एका विहिरीवर सगळे बळ एकवटावे की दोन ठिकाणी वाटावे, हा अशा वेळी नेहमीचा पेच असतो. एक घेतली तर लवकर खोल जाता येते. पण तिच्यात काही अडकले तर सगळे हातपाय थंड पडतात. दोन घेतल्या तर खर्च वाढतो, पण एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते. रेनॉल्ड्सने दोन घेतल्या. ग्लासगोला ते उधळपट्टीसारखे वाटले असेल तर नवल नाही.

आता ग्लासगोकडे पाहू. तेथल्या संचालकांना अरसिक, संकुचित म्हणून हिणवण्याची प्रथा आहे. आम्हांला ती पटत नाही. ब्रह्मदेशातल्या विहिरींवर मिळवलेला नफा ते तीन वर्षे दुसऱ्याच्या सनदीत घालीत होते. त्यांच्यापुढे मामातैनच्या दोन कोरड्या विहिरींचा हिशोब होता, रस्ता वाहून गेल्याचा हिशोब होता, आणि ‘अजून थोडा धीर धरा’ असे सांगणारी एका चिडखोर माणसाची पत्रे होती. एप्रिल १९०८ मध्ये त्यांनी डार्सीला सांगितले, पुढे काम चालायचे तर तुम्ही तुमच्या वाट्याचे २० हजार पौंड घाला. मुदत ३० एप्रिल. डार्सीपाशी २० हजार नव्हते. त्याने उत्तर देण्याचेच टाळले आणि मुदत निघून गेली. शेवटी १४ मे रोजी ग्लासगोहून रेनॉल्ड्सला पत्र निघाले. त्यातला मजकूर असा होता, की दोन्ही विहिरी १,६०० फुटांपर्यंत न्याव्या. तेवढ्यावर तेल लागले नाही तर काम बंद करावे, आणि जितके सामान नेता येईल तितके मोहम्मराला आणून ब्रह्मदेशाकडे बोटीने रवाना करावे.

हे पत्र समुद्रातून, मग कारुन नदीतून, मग खेचरावरून प्रवास करीत असताना विहिरीवर वेगळीच तारांबळ चालली होती. मे महिना; सावलीत ११० अंश. पहिल्या विहिरीत छिन्नीचा आटा सुटला आणि ती तळाशी पडली. आडात पोहरा पडला म्हणजे आपल्याकडे गळ टाकून तो काढतात, तशीच ही गळटाकणी; आड मात्र जवळजवळ बाराशे फूट खोल, वीतभर-हातभर रुंद आणि काळाकुट्ट. विंधणवाले या कामाला मासेमारीच म्हणतात. वरून सोडलेला चिमटा खाली कशाला लागला हे हाताला जाणवणाऱ्या हादऱ्यावरून ओळखायचे. छिन्नी निघाली नाही तर तेवढी विहीर मेली, बाजूला नवी घ्यावी लागणार. आणि नवी घ्यायला पैसाही नव्हता, परवानगीही नव्हती. कित्येक दिवस गेले. छिन्नी निघाली. पुन्हा विंधण सुरू झाले, आणि पुढचा खडक आतापर्यंतच्या सगळ्यांत कठीण निघाला. २४ तारखेच्या सुमारास विहिरीतून वायूचा वास येऊ लागला. २६ मे १९०८ च्या पहाटे चारच्या सुमारास १,१८० फुटांवर तेल लागले, आणि मनोऱ्याच्या डोक्यावर ५० फूट उंच फवारा उडाला. विल्सन बाहेरच झोपला होता. आरडाओरडा ऐकून तो धावला. सांकेतिक भाषेचे पुस्तक जवळ नव्हते, म्हणून त्याने बायबलातील स्तोत्रांचे अध्याय आणि ओळी यांचे आकडे तारेने कळवले. ज्याला तार गेली त्याने स्तोत्रे उघडून अर्थ लावायचा, अशी युक्ती. डार्सीला बातमी पोचायला पाच दिवस लागले.

आता त्या चटकदार गोष्टीकडे वळू. पत्र काही आठवड्यांनी पोचले. त्याआधी काम थांबवण्याच्या सूचना येत आहेत अशी कुणकुण तारेने लागलेली होतीच, आणि रेनॉल्ड्सने उलट टोला लगावला, की तेल लागल्यामुळे आता त्या सूचना पाळणे जमेलसे दिसत नाही. इथवर सगळे खरे. पण पत्रातला आकडा पाहा. १,६०० फूट. तेल लागले १,१८० फुटांवर. म्हणजे पत्र तत्काळ पोचले असते आणि रेनॉल्ड्सने ते अक्षरशः पाळले असते, तरीही त्याला आणखी ४२० फूट जाण्याची मुभा होती. हुकूम मोडल्यामुळे तेल लागले, हे म्हणणे आकड्यांपुढे टिकत नाही. ग्लासगोवाल्यांनी दिलेली मर्यादा तेलाच्या खालीच होती.

मग धोका कोठे होता? आमच्या समजुतीप्रमाणे तो खोलीत नव्हता, दिवसांत होता. जानेवारीअखेरपासून २६ मेपर्यंत सुमारे चार महिने, १,१८० फूट. दिवसाला सरासरी जेमतेम दहा फूट. आणि ही सरासरी फसवी. काही दिवशी वीस-पंचवीस फूट झाले असणार, गळ टाकण्याच्या दिवसांत शून्य. समजा, छिन्नी निघाली नसती. पहिली विहीर मेली असती. ग्लासगोचे पत्र दुसरी विहीर अर्धवट असतानाच हाती पडले असते. मग मजूर सोडून जाणार, तापमान चढणार, आणि ज्याने पैसा द्यायचा त्याने दोर आवरायला घेतलेला. अशा वेळी १,६०० फुटांची मुभा कागदावर राहते. रेनॉल्ड्सची करामत हुकूम मोडण्यात नव्हती; पैसा संपण्याआधी भोक १,१८० फुटांपर्यंत पोचवण्यात होती. त्यासाठी दोन यंत्रे लावणे, गळ टाकण्यात चिकाटी धरणे, आणि त्याही आधी तेलाची खूण दिसलेली जागा सोडून समुद्राजवळ येणे, हे निर्णय त्याला घ्यावे लागले. त्यांतला एकही फवाऱ्यासारखा उंच उडणारा नव्हता.

पुढचे सर्वश्रुत आहे. १४ एप्रिल १९०९ रोजी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली. ग्लासगोला भाग घ्यायला लोकांची बँकेपुढे झुंबड उडाली. मस्जिद-ए-सुलेमानपासून अबादानपर्यंत १३८ मैल नळ पडला आणि अबादानला तेल शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्यासाठी मुंबईत माणसे भरती केली जात. अबादानच्या भट्ट्यांवर राबलेल्या आपल्या फिटर, सुतार, कारकुनांचा इतिहास हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. १९१४ साली ब्रिटिश सरकारने २२ लाख पौंड घालून कंपनीत निम्म्याहून अधिक वाटा घेतला. इराणला मात्र आपल्याच तेलावर हक्क सांगायला १९५१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तेथे तेलाचे राष्ट्रीयीकरण झाले.

रेनॉल्ड्सला १९११ साली, हजार पौंड हातावर ठेवून, कामावरून दूर करण्यात आले. कंपनीने पुढे आपल्या इतिहासात त्याला किती जागा द्यावी याबाबत तिचे कधी एकमत झाले नसावे. तो मात्र घरी बसला नाही. दहा-अकरा वर्षांनी तो दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलामध्ये माराकाइबो सरोवराकाठी विंधण पाहत होता, वय सत्तरीच्या घरात. तेथे बारोसो नावाची एक विहीर १९१८ साली सुरू करून अर्धवट सोडून दिलेली होती. ती पुन्हा उघडून आणखी खोल न्यायचे ठरले. डिसेंबर १९२२ मध्ये तिचा स्फोट झाला आणि दिवसाला सुमारे १ लाख पिंपे तेल आकाशात उडू लागले. चिआ सुर्खला १२० पिंपे लागली होती तेव्हा डार्सीला ब्रह्मानंद झाला होता. बारोसोचा फवारा नऊ दिवस थांबेना.